आधी स्टँड, मग स्नेअर

एक काम करा. पाच ड्रम, चार सिंबल असा पूर्ण सेट घ्यायचा विचार निदान यंदा तरी बाजूला ठेवा. इंटर्नशिपचे पैसे हातात आलेत, आईसुद्धा 'घे एकदाचा' म्हणालीय, तरीही. आपल्याकडच्या वन बीएचकेत असा सेट आला की पहिला आठवडा घरात सण असतो. दुसऱ्या आठवड्यात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'सर्व सभासदांना नम्र विनंती' असा मेसेज पडतो. आणि पावसाळा येईपर्यंत सेटवर चादर, चादरीवर न वाळलेले मोजे. अंबरनाथ आणि बदलापूर मिळून असे तीन सेट मी पाहिलेत. एकाच्या बास ड्रमवर आता इस्त्रीला द्यायचे कपडे ठेवतात.

सेटचं वाईट वाटत नाही, वाजवणाऱ्याचं वाटतं. चांगला हात असलेली पोरं-पोरी अशीच सुटतात. 'घरी जमत नाही रे' म्हणतात आणि स्टिक्स कपाटावर जातात त्या जातातच.

घरी, हौसेसाठी वाजवायचंय ना? मग दोनच गोष्टी घ्या. एक स्नेअर ड्रम आणि एक हाय-हॅट स्टँड, त्यावरच्या झांजांच्या जोडीसकट. कुठलंही साधं चालीचं गाणं कान देऊन ऐका. हाय-हॅटवर बारीक ठोके अखंड चालू असतात आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेला स्नेअरचा फटका पडतो. गाण्याचा सांगाडा एवढाच. उरला बास ड्रम, तर त्याच्याऐवजी उजवा पाय सतरंजीवर टेकवत राहा. सवय तीच लागते.

आता मुद्द्याचं. दुकानात गेलो की आपण सगळे स्नेअरला भुलतो. चकाकतं स्टील की लाकूड, लाकूड असेल तर मेपल की बर्च, खोली साडेपाच इंच की साडेसहा, यावर तासभर काथ्याकूट होतो. आणि निघताना उरलेल्या पैशांत 'दादा, एक स्टँड पण द्या'. माझं म्हणणं, हे बरोब्बर उलटं करा. खिशात शंभर रुपये असतील तर पन्नास स्टँडला, पंचवीस स्नेअरला आणि पंचवीस जुन्या झांजांच्या जोडीला. पटत नाही? सांगतो.

स्नेअर नंतर सुधारता येतो. सामान्य कवचाचा ड्रम घ्या, वरचं पान बदला, खालच्या तारा बदला, चावीने समोरासमोरचे स्क्रू सारखे ताणा. अर्ध्या दिवसात तो ओळखू येत नाही. वाईट स्टँडचं मात्र तसं होत नाही. स्टँड हे यंत्र आहे. पायाखालची पट्टी साखळी ओढते, साखळी नळीतला रॉड ओढते, रॉडला क्लचने पकडलेली वरची झांज खालच्या झांजेवर येते आणि पाय उचलला की स्प्रिंग तिला परत वर फेकते. दिवसाला अर्धा तास वाजवलं तरी हे हजारो वेळा घडतं. यात कुठेही ढिलेपणा असेल तर तुमचा पाय तो ढिलेपणा शिकतो. पुढे चांगल्या स्टँडवर बसलात तरी पाय उशिरानेच पडणार.

दुसरं कारण आपल्या भागाचं. तुमच्यातले कितीतरी जण ढोल-ताशा पथकात असतील. ज्याने दोन गणपती ताशा वाजवलाय, त्याचा हात स्नेअरसाठी अर्धा तयारच आहे. मनगट, काडीची उसळी, बारीक रोल, सगळं ओळखीचं. पथकात न शिकवला जाणारा अवयव एकच, डावा पाय. म्हणजे नवीन काही शिकवणार असेल तर तो स्टँड. मग पैसे कुठे घालायचे?

थोडा इतिहास, कारण तो मजेशीर आहे. 1920 च्या दशकात पायाने वाजणाऱ्या झांजा घोट्याएवढ्या उंचीवर असायच्या. फक्त पायाने 'चिक' करायचं, बस. मग कुणीतरी नळी उंच केली, झांजा काठीच्या टप्प्यात आल्या आणि आजचा हाय-हॅट जन्मला. 1930 च्या दशकात काउंट बेसीच्या बँडमधल्या जो जोन्सने ताल धरायचं काम बास ड्रमवरून हाय-हॅटवर आणलं आणि सगळ्या वादनाचं वजनच हलकं झालं. ही क्रांती झाली ती एका स्टँडमुळे.

दुकानात स्टँड कसा बघायचा? आधी झांजा काढून ठेवायला सांगा, म्हणजे नुसत्या यंत्राचा आवाज ऐकू येतो. पट्टी हळूहळू दाबा. कुठे कुईकुई, कुठे अडखळणं? मग जोरात दाबून पाय एकदम सोडा. पट्टी तळव्याला चिकटून वर आली पाहिजे. मागे रेंगाळली तर स्प्रिंग ढिली आहे, आणि स्प्रिंगचा ताण बदलायची सोयच नसेल तर तो स्टँड तिथेच ठेवा. नळी धरून आडवी हलवा. रॉड काढून काउंटरच्या काचेवर गडगडवा, वाकडा असेल तर लगेच कळतं. हे करताना दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. सगळ्यात जास्त वेळ क्लचला द्या. वरची झांज धरून ठेवणारा हा एवढासा तुकडा. त्याचा खालचा नट वाजवता वाजवता सुटला की झांज धाडकन खाली. माझ्या पहिल्या स्टँडने हे रात्री साडेनऊला केलं होतं. तो स्टँड मी नाव बघून घेतला होता, हाताने तपासला नव्हता.

नावाचं म्हणाल तर आपण उल्हासनगरच्या सावलीत वाढलोय. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपल्या बाबांच्या कॉलेजातही जुना झाला होता. स्टँडवर कुठलंही नाव छापलेलं असू शकतं. त्याच्या पट्टीखाली तुमचा पाय काय सांगतो तेवढं खरं. पण त्या विनोदाची दुसरी बाजू आपण विसरतो. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या माणसांनी ते शहर उभं केलं, आणि कुठलीही वस्तू उघडून पुन्हा बनवायची ती सवय आपल्याला फुकट मिळालीय. ती वापरा. झांजांच्या मधल्या फेल्टच्या चकत्या झिजल्या तर जाड नमद्यातून कापून घ्या. फर्निचर मार्केटच्या गल्ल्यांत फोमचे आणि रबराचे तुकडे मिळतात, त्यातला घट्ट तुकडा स्टँडखाली लागणारच आहे. पंखनट हरवला तर अंबरनाथच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारं कुणी ओळखीचं निघतंच. म्हणूनच सेकंडहँड भारी स्टँड हा नव्या हलक्या स्टँडपेक्षा मला कधीही बरा वाटतो. दुहेरी पट्ट्यांचे पाय असलेला बघा. जड असतो, पण फरशीवर सरकत नाही.

स्नेअरबद्दल थोडक्यात. 14 इंच व्यासाचाच घ्या, म्हणजे पानं, तारा, स्टँड सगळं सहज जुळतं. बँडवाल्यांकडचा गळ्यात अडकवायचा जुना साइड ड्रम स्वस्तात मिळत असेल तरी चालेल, फक्त तो स्नेअर-स्टँडच्या तीन बोटांत बसतो का ते पाहा. (हो, स्नेअरचा स्टँड वेगळा घ्यावा लागतो, हे बऱ्याच जणांना घरी आल्यावर कळतं.) बाजूची कळ सोडून तारा पानापासून नीट सुटतात आणि परत नीट लागतात का, हे चार-पाचदा करून बघा. वरचं पान खरखरीत पांढरं असलेलं घ्या. का, ते आत्ता सांगतो.

कारण खरा प्रश्न आवाजाचा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा. स्नेअरचा एक मोकळा फटका जवळून शंभरच्या वर सहज जातो. पुढचं गणित खालच्या मजल्यावरच्या काकू करतात. त्यांचं चुकत नाही. सहा-बावीसची लोकल पकडून गेलेलं, रात्री नऊला परतलेलं माणूस त्या घरातही असतं.

म्हणून ब्रश. तारांचा पंखा असलेले ब्रश खरखरीत पानावर फिरवले की गव्हाच्या पिठावरून हात फिरवल्यासारखा आवाज येतो, गुळगुळीत पानावर तो येत नाही. स्टिक्सचा सराव करायचा असेल तेव्हा पानावर रबरी पॅड टाका किंवा जाळीचं पान चढवा. झांजांमध्ये जुन्या टी-शर्टची पट्टी अडकवा. भिंतीपलीकडे जाणाऱ्या आवाजापेक्षा स्लॅबमधून खाली उतरणारी पायाची धडधड जास्त त्रास देते, त्यासाठी तो फोम. आणि काही दिवस काठ्या हातातच घेऊ नका. नुसता डावा पाय, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला 'चिक'. दहा मिनिटं एकसारखं करून दाखवा, मग बोलू.

'मग इलेक्ट्रॉनिक किट का नको?' हा प्रश्न येणार. हेडफोन लावून वाजवता येतं, मान्य. पण स्वस्त किटमध्ये हाय-हॅटच्या जागी बहुधा नुसतं पेडल असतं, त्यात झांज उचलली जात नाही की दाबली जात नाही. पाय बटण दाबायला शिकतो. ऑक्टोपॅडचंही तेच. ऑर्केस्ट्रात कामं मिळवायची असतील तर तो शिकाच, पण हातांचं वाद्य आहे ते.

वेळ ठरवताना मात्र नियम बघत बसू नका, काकूंना विचारा. सरळ खाली जा, बेल वाजवा, 'काकू, रोज अर्धा तास, कधी चालेल?' आमच्या काकूंनी साडेपाच ते सहा सांगितलं, त्या वेळी त्यांचा मिक्सर चालू असतो. एका रविवारी वर येऊन त्यांनी स्वतःच पट्टी दाबून पाहिली.

आणि स्टँड मुंबईहून आणणार असाल, धोबी तलावला फुर्टाडोजमध्ये बघून किंवा कुणाकडून सेकंडहँड घेऊन, तर परतताना रॉड काढून वेगळा गुंडाळा, क्लच खिशात ठेवा आणि दुपारचीच गाडी पकडा. संध्याकाळच्या बदलापूर लोकलमध्ये तीन पाय पसरायला जागा माणसालाच मिळत नाही.