कंदालाही ताण हवा

मृग बहर धरायचा तर भर उन्हाळ्यात संत्र्याचे पाणी तोडावे लागते, हे काटोल-नरखेडच्या बागायतदाराला कुणी शिकवावे लागत नाही. पाने मलूल होतात, काही गळतात, वाढ थांबते. नवख्या माणसाला बाग हातची गेली असे वाटावे, इतकी ती सुकलेली दिसते. पण जमीन हलकी की भारी, झाडाचे वय किती, हे पाहून दिलेला तो ताण पावसाने तुटला की झाड फुलावर येते. पाणी न देणे हीसुद्धा मशागत आहे, हे ज्ञान नागपूर जिल्ह्याच्या शेतीत मुरलेले आहे. शहरात मात्र, अंगणांत, गच्च्यांवर आणि सार्वजनिक उद्यानांत, फुलझाडाचे पाणी चुकवणे म्हणजे हेळसांड, ही समजूत पक्की आहे. या समजुतीचा सर्वाधिक फटका बसतो तो दक्षिण अमेरिकेतून आलेल्या फुलांच्या कंदांना. कंदाची निगा राखायची तर आधी त्याच्या मायभूमीचे वर्ष ओळखले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी नजर संत्र्याच्या बागेने नागपूरकरांना केव्हाच दिली आहे.

नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २१ अंशांवर आहे. दक्षिणेला तेवढ्याच अंतरावरची रेषा चिलीचे अटाकामा वाळवंट, बोलिव्हिया, पराग्वे आणि ब्राझील यांतून जाते. यांपैकी अँडीज पर्वताच्या पूर्वेकडच्या मोठ्या पट्ट्यात वर्षाचे दोन स्पष्ट भाग पडतात: पावसाचा उन्हाळा आणि कोरडा हिवाळा. त्यांचा पाऊस आपल्या हिवाळ्याच्या महिन्यांत पडतो, एवढाच कॅलेंडरचा फरक. खडकाळ उतारावर किंवा माळरानावर वाढणाऱ्या वनस्पतीने कोरडे महिने काढायचे कसे, याला निसर्गाने शोधलेले उत्तर म्हणजे कंद. पावसात पाने अन्न तयार करतात, ते जमिनीखालच्या मांसल पापुद्र्यांत साठते, पाने वाळतात आणि कंद निजतो. आपण ज्याला सरसकट ‘अमॅरिलिस’ किंवा ‘लिली’ म्हणतो, त्या हिप्पीअ‍ॅस्ट्रमच्या बहुतेक रानजाती अशाच आहेत. या प्रजातीत शंभराच्या आसपास जाती असून त्यांची मुख्य घरे दोन: पूर्व ब्राझील, आणि पेरू-बोलिव्हिया-अर्जेंटिनाचा अँडीजलगतचा प्रदेश. हॅब्रान्थस आणि पावसाळी लिलीच्या काही जाती ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिनाच्या गवताळ प्रदेशांतल्या. आपल्याकडच्या पावसाळी लिलींपैकी गुलाबी आणि पिवळी यांचे मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या बाजूला. पांढरी मात्र ला प्लाटा नदीच्या खोऱ्यातली.

या कंदांच्या पोटात काय चालते ते समजले की ताणाचे महत्त्व आपोआप पटते. हिप्पीअ‍ॅस्ट्रमच्या कंदात साधारण चार पानांमागे एक फुलोरा तयार होतो, आणि तो बाहेर येण्याच्या कितीतरी महिने आधी, कळीच्या सूक्ष्म रूपात, आत बसलेला असतो. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये दिसणारे फूल ही आदल्या पावसाळ्यातल्या पानांची कमाई असते. पानांच्या काळात खत-पाणी आणि ऊन भरपूर मिळाले, नंतर सहा ते आठ आठवडे कोरडी विश्रांती मिळाली, की कळी उठते. विश्रांतीऐवजी बारा महिने पाणी मिळत राहिले तर पाने येत राहतात, फुलोरा कधी येतो, कधी येत नाही, आणि भारी जमिनीत कंद बुडातून सडू लागतो. मग ‘आमच्याकडे ही लिली फुलतच नाही’ असे म्हणून आणखी पाणी घातले जाते. पावसाळी लिलीचेही तसेच. कोरडे दिवस सोसल्यानंतर दमदार पाऊस आणि हवेतला गारवा मिळाला की काही दिवसांतच तिचे दांडे वर येतात. रोज शिंपडलेल्या वाफ्यातल्या लिलीला पाऊस आला, ही बातमीच कळत नाही.

नागपुरात याचे वेळापत्रक बसवणे कठीण नाही. हिप्पीअ‍ॅस्ट्रमचे पाणी नोव्हेंबरपासून कमी करत बंद करावे आणि फेब्रुवारीत दांडा किंवा पानाचे टोक दिसले की पुन्हा सुरू करावे. पावसाळी लिली आणि हॅब्रान्थस यांना पाऊस संपल्यावर कोरडे पडू द्यावे ते थेट मृगापर्यंत. आपली काळी चिकण माती पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही गोष्टी कंदाला मानवत नाहीत. म्हणून मुरूम, जाडी वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच करावा आणि हिप्पीअ‍ॅस्ट्रमच्या कंदाची मान मातीबाहेर ठेवावी. हिरवी पाने नीटनेटकेपणाच्या नादात कापू नयेत, कारण तीच पुढच्या वर्षीची फुले आहेत. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे आणि केशरी-तांबडे ठिपके असलेली अळी पाने फस्त करते. ती आपल्याकडचीच, कळलावी आणि नागदवण्यावर जगणारी, आता या परदेशी नातलगांनाही सरावलेली. सकाळी हाताने वेचली तर औषध फवारण्याची वेळ सहसा येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतपाच्या त्या दिवसांत कोरडा कंद भाजून निघणार नाही का? कुंडीत ठेवला तर निघेल. गच्चीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतली माती चारही बाजूंनी तापते, आणि रानातल्या कंदावर अशी वेळ येत नाही. तिथे त्याच्यावर मातीचा, दगडाचा, वाळल्या गवताचा थर असतो. कित्येक कंदांची आकसणारी मुळे त्यांना दरवर्षी थोडे खाली ओढून नेतात. तेव्हा पाणी तोडणे म्हणजे उन्हात टाकून देणे नव्हे. कुंड्या भिंतीच्या सावलीला न्याव्यात, वाफ्यावर पालापाचोळा पसरावा, एवढे पुरते. ज्या महिन्यांत पेंच आणि कन्हानच्या पाण्यावर शहराचा सर्वाधिक भार असतो, नेमक्या त्याच महिन्यांत पावसाळी लिलीचा वाफा निजलेला असतो आणि त्याला पाण्याची गरज नसते. हिरवळीच्या गालिच्याला मे महिन्यात रोज पाणी पाजणाऱ्या शहराने हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असेल: सगळ्याच कंदांना कोरडे ठेवायचे, हे तरी कुठे बरोबर आहे? तसे नाहीच. ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलातली हिप्पीअ‍ॅस्ट्रम पॅपिलिओ ही जात झाडांच्या फांद्यांवरही वाढते आणि बारमाही हिरवी असते. तिला कडक कोरडे ठेवले तर ती खंगते. त्याच प्रदेशातली, पानावर पांढरी रेघ मिरवणारी हिप्पीअ‍ॅस्ट्रम रेटिक्युलाटम सावलीत राहणारी. कोलंबिया-इक्वेडोरच्या दमट जंगलातल्या युकॅरिसला आपली ऊन-झळ लागताच पाने करपतात. पांढरी पावसाळी लिली ओलसर, पाणथळ जागेतली, तिला दलदल चालते. चिलीतले कंद तर उलट्या ऋतूचे: त्यांचा पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा पण सौम्य, त्यामुळे विदर्भाच्या मैदानात त्यांचा हट्ट धरू नये. एकाच प्रजातीत एक जात ताण मागते आणि दुसरी त्याने मरते, म्हणूनच ‘लिली’ एवढ्या नावावर निगा राखता येत नाही. संत्र्याचा बागायतदारही सगळ्या बागांना एकच मोजमाप लावत नाही. जमीन पाहतो, झाड पाहतो, मग दिवस ठरवतो. कंदाच्या बाबतीत पाहायची ती त्याची मूळ जागा.

नेमके इथेच रानजातींचे मोल कळते. १७९९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात आर्थर जॉन्सन या घड्याळजीने दोन रानजातींचा संकर केला, आणि तेव्हापासून हिप्पीअ‍ॅस्ट्रमच्या संकरित वाणांची रीघ लागली. आज बाजारात मिळणारे, हातभर फुलांचे डच वाण त्याच परंपरेतले. ते देखणे आहेत, त्यांना नाकारण्याचे कारण नाही. पण अनेक रानजातींचे गुण त्यांत एकवटलेले असल्याने त्यांचे मूळ गाव एक राहिलेले नाही; त्यांच्याकडे पाहून पाण्याचे गणित शिकता येत नाही. रानजात मात्र तिच्या प्रदेशाचा ऋतू अंगात घेऊन येते. शिवाय ती बियांपासून जशीच्या तशी उगवते. हिप्पीअ‍ॅस्ट्रमचे काळे, कागदासारखे पातळ बी ताजे असताना पाण्यावर तरंगत ठेवले तरी रुजते. फूल यायला तीन-चार वर्षे लागतात. हा धीर वाया जात नाही, कारण कंदांच्या फुटव्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पसरणारे बहुतेक विषाणू बियांतून उतरत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. परदेशी वनस्पतींनी आपले पुरेसे नुकसान केलेले असताना आणखी पाहुणे कशाला? अंबाझरी तलावावर पसरणारी जलपर्णी दक्षिण अमेरिकेतलीच, हे विसरून चालणार नाही. त्याच खंडातून बटाटा आणि भुईमूगही आले, हेही तितकेच खरे. पण केवळ तेवढ्याने शंका फिटत नाही. प्रत्येक वनस्पती कशी पसरते ते स्वतंत्रपणे तपासावे लागते. जलपर्णी पाण्यावर तरंगत तुकड्या-तुकड्यांनी पसरते. कंद बहुधा लावला तिथेच राहतो. तरी हॅब्रान्थससारख्या भरपूर बी धरणाऱ्या जातींची वाळली फुले वेळीच काढावीत, आणि नाल्याकाठी किंवा जंगलाच्या कडेला यांतले काहीही लावू नये. हे कंद विषारी असतात आणि कांद्यासारखे दिसतात, म्हणून मुले आणि जनावरे यांच्यापासून ते दूर राहतील अशीच जागा निवडावी. आणि देशी कंदांना डावलून हे लावावेत, असे तर मुळीच नाही. कळलावी, रानकांदा, नागदवणा हेही मृगाच्या पावसाची वाट पाहत जमिनीखाली निजणारेच. दोन्ही खंडांचे कंद शेजारी लावले, तर एकाच्या निमित्ताने दुसऱ्याकडे लक्ष जाईल.

लक्ष जाणे गरजेचे आहे, कारण दोन्हीकडे कंद एकाच कारणाने संपत आले आहेत: खणून नेणे सोपे असते. चिलीतला निळ्याशार फुलांचा टेकोफिलिया सायनोक्रोकस हा कंद खणणाऱ्यांनी आणि चरणाऱ्या गुरांनी इतका संपवला की तो रानातून नामशेष झाला असे मानले गेले. काही दशके तो केवळ बागांमध्ये जगला. २००१ मध्ये सँतियागोच्या दक्षिणेला त्याची रानातली वसाहत पुन्हा सापडली. आपल्याकडे सफेद मुसळीची वेगळी जात १९५४ मध्ये शास्त्राने नोंदवली, ती मुंबईच्या बोरिवलीचे नाव घेऊन. औषधी मुळांसाठी ती जंगलांतून बेसुमार खणली गेली, आणि मग अकोला-अमरावतीच्या शेतांत तिची लागवड करावी लागली. दोन्ही उदाहरणे एकच सांगतात: मन लावून केलेली लागवड रानाचा भार हलका करू शकते, पण ती बियांवर उभी असेल तरच. रानातून उपटलेला कंद विकत घेणारा माणूस त्या जातीचा चाहता म्हणवून घेऊ शकत नाही. म्हणून रोपवाटिकेत पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, हा कंद कुठे वाढला याचा असावा. परदेशातून मागवायचा तर आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र ही कायद्याची अटही पाळलीच पाहिजे.

हे काम नागपूर चांगले करू शकते. इथे १९०६ पासूनचे कृषी महाविद्यालय आहे, त्याच्या अखत्यारीतला महाराजबाग परिसर शहराच्या मध्यभागी आहे, आणि झाडाला ताण किती द्यावा या प्रश्नाशी रोज गाठ पडणारी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थाही याच शहरात आहे. महाराजबागेत चार उंच वाफे पुरेत: दोन दक्षिण अमेरिकेच्या रानजातींचे, दोन विदर्भातल्या कंदांचे. खर्च थोडा, पाणी त्याहून थोडे. पण प्रत्येक वाफ्यावर पाटी हवी, आणि तिच्यावर तीन गोष्टी हव्यात: कंदाचे नाव, तो मूळचा कुठला, आणि त्याचे पाणी कोणत्या महिन्यांत बंद असते. जानेवारीत ती पाटी उघड्या मातीशेजारी उभी असेल. ती वाचून एखादे मूल ‘इथे तर काहीच नाही’ असे म्हणेल, तेव्हा सोबतच्या मोठ्या माणसाने सांगावे की इथे कंद निजला आहे, आणि त्याला निजू देणे हीच सध्या त्याची निगा आहे.