रेडकू दगावलं, म्हैस पान्हा चोरते. पण सुई हा उपाय नव्हे

रेडकू दगावलं की गोठ्यात कटकट सुरू होते. म्हैस पान्हा सोडत नाही, धारेला बसलं की लाथ मारते. मग कुणीतरी सांगतं, ‘ऑक्सिटोसिन मार, लगेच धार सुटेल.’ सुटतेही. प्रश्न पुढचा आहे.

कासेत दूध तयार असलं तरी आपोआप सडात उतरत नाही. रेडकू ढुसण्या देतं, चोखतं. तो निरोप मेंदूला पोचतो आणि तिथून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात सुटतं. त्यामुळे कासेतल्या बारीक पिशव्या आवळल्या जाऊन दूध खाली येतं. गाईचं थोडं दूध आधीच खाली साठलेलं असतं. म्हशीचं जवळपास सगळंच वर असतं. म्हणून पान्ह्याशिवाय म्हैस दूध देत नाही. जनावर घाबरलं, त्याला मारलं, तर अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं आणि पान्हा अडतो.

सुई हेच संप्रेरक बाहेरून देते. कासेत आहे तेवढंच दूध ती उतरवते. रोजची सवय लागली की म्हैस आपणहून पान्हावणं कमी करते आणि मालक सुईचा बांधील होतो.

कायदाही आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 नुसार दूध वाढवण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणं गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2018 मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना हे औषध बनवायला मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला. कारण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. तुटवडा पडला तर बायकांच्या जिवावर बेतेल.

म्हणजे बंदीने प्रश्न सुटत नाही, तो गोठ्यातच सोडवावा लागतो. रोज ठरलेली वेळ, शक्यतो तोच माणूस, पुढ्यात आंबोण, कोमट पाण्याने कास धुऊन दोन मिनिटं चोळणं. पान्हा आला की पाच-सात मिनिटांत धार संपवायची, कारण संप्रेरकाचा जोर तेवढाच टिकतो. तरीही अडलं तर पशुवैद्यकाला बोलवावं.

आणि मुळात रेडकू जगवावं. रेडा झाला म्हणून चीक तोडायचा, जंताचं औषध टाळायचं, अन् तो मेल्यावर सुईला पैसे घालायचे, हा हिशेब तोट्याचाच आहे.