तिजोरीला दोन किल्ल्या, कॉम्प्युटर मात्र सताड उघडा!

सातारा, कराड, सांगली या पट्ट्यात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. पतसंस्था, सोसायट्या, डेअरीची ऑफिसं, सगळीकडं जाणं होतं. मध्यंतरी एका पतसंस्थेत गेलो. नाव घेत नाही, कारण ही अवस्था एकट्या तिची नाही.

तिथं तिजोरीला दोन किल्ल्या. एक मॅनेजरकडं, एक कॅशियरकडं. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडत नाही. रास्त आहे. पण त्याच कॅशियरच्या मॉनिटरला ॲडमिन पासवर्डची चिठ्ठी चिकटवलेली! क्लार्क, पिग्मी एजंट, कुणीही वाचावी. आत बघतो तर क्रॅक केलेली सॉफ्टवेअर, संचालकांच्या नातवासाठी टाकलेला गेम, आणि कुणीतरी दुरुस्तीसाठी टाकून तसंच ठेवलेलं, लांबून कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर.

अहो, तिजोरीत त्या दिवशीची रोकड असते. तुमची-आमची ठेव किती, हे सांगणारा हिशेब त्या कॉम्प्युटरवर आहे!

ॲडमिन म्हणजे काय, तर त्या मशीनचा मालक. क्लार्क ॲडमिन म्हणून बसला आणि त्यानं चुकून भलती फाईल उघडली, की त्या फाईललाही मालकाचे अधिकार मिळतात. ती अँटिव्हायरस बंद करू शकते, पासवर्ड चोरू शकते, सगळा डेटा कुलूपबंद करू शकते. क्रॅक टाकताना तर "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं सांगतात आणि आपण करतो. चोरानं कुत्रं बांधायला सांगावं आणि आपण बांधावं, तसलाच प्रकार.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एवढ्या जुन्या, मोठ्या बँकेची ही गत, तर आपलं काय? त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली. तिच्यात स्पष्ट आहे: कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर ॲडमिनचे अधिकार नकोत, ज्याला कामापुरते लागतात तेवढेच द्या. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत नाहीत, त्या सहकार खात्याखाली. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. म्हणजे जिथं जास्त काळजी घ्यायला हवी, तिथंच आनंदीआनंद.

मॅनेजर म्हणतात, "प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायचा तरी तुम्हाला बोलवायचं का? काउंटरवर रांग लागते." तक्रार खरी आहे. म्हणून संस्थेतल्याच एका जबाबदार माणसाला ॲडमिनचं वेगळं खातं द्या. रोजचं काम त्यानंही साध्या खात्यातूनच करावं. काय टाकलं, कुणी सांगितलं, हे वहीत लिहा. साधं खातं विंडोजमध्येच असतं, त्याला एक रुपया लागत नाही. लागते ती संचालकांची इच्छा.

आणि काही झालं की "क्लार्कची चूक" म्हणून हात झटकू नका. बारा-पंधरा हजारांवर राबणाऱ्या पोराच्या हातात सगळी सत्ता दिली कुणी? नियम करायचं काम संचालक मंडळाचं आहे.

सभासदांनो, सप्टेंबरअखेर वार्षिक सभा असते. लाभांशावर टाळ्या वाजवण्याआधी, जेवणाच्या पंगतीकडं वळण्याआधी, उभं राहून तीन प्रश्न विचारा:

१. आपल्या संस्थेत ॲडमिन पासवर्ड किती जणांकडं आहे?
२. कॉम्प्युटरवर परवान्याशिवाय टाकलेलं काही आहे का?
३. डेटाची प्रत संस्थेबाहेर ठेवली जाते का, आणि ती उघडून शेवटची कधी तपासली?

उत्तर मिळालं नाही, तर इतिवृत्तात तसं लिहून घ्या. पैसा आपला आहे, विचारायला लाज कसली?