आत्याचे औषध आणि नदीचे पाणी

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; म्हणून आत्याच्या कर्करोगाचे कागद मीच वाचतो. तिला सायक्लोफॉस्फामाइड देतात. त्याचा काही भाग न बदलता लघवीतून बाहेर पडतो आणि नेहमीच्या सांडपाणी-शुद्धीकरणातही पुरता नष्ट होत नाही.

१९७२ साली फुजिशिमा व होंडा यांनी टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन दाखविले. त्याच पदार्थाची पांढरी भुकटी अतिनील प्रकाशात पाण्यातल्या औषधाचे रेणूही तोडते. मात्र अर्धवट तुटलेले तुकडेही घातक ठरू शकतात. म्हणून पाणी तपासूनच सोडावे लागेल.

मित्रहो, हे काम रुग्णालयाच्या आवारातच व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आत्याला औषध हवेच. पण ते नदीकाठच्या गावांनी का प्यावे?