विश्लेषण : अख्खे शहर बेघर झाले, तरी जनगणनेत का दिसत नाही?

स्कॉटलंडमधील क्लाइडबँक शहराची लोकसंख्या 1931च्या जनगणनेत सुमारे 47 हजार होती. 1951मध्ये ती सुमारे 45 हजार भरली. म्हणजे 20 वर्षांत दोनेक हजारांची घट. नुसता तक्ता पाहिला तर यात विशेष काही वाटत नाही. प्रत्यक्षात याच काळात हे शहर जवळपास बेचिराख झाले होते.

1941मध्ये काय घडले?

क्लाइडबँक ग्लासगोला लागूनच आहे. जॉन ब्राउन कंपनीचा जहाजबांधणी कारखाना आणि सिंगर शिलाई मशीनचा कारखाना ही त्याची ओळख. 13 आणि 14 मार्च 1941च्या रात्री जर्मन विमानांनी येथे बॉम्बफेक केली. 500हून अधिक जणांचा मृत्यू झाला, सुमारे 35 हजार लोक बेघर झाले. जवळपास 12 हजार घरांपैकी धक्का न लागलेली घरे बोटांवर मोजण्याइतकीच उरली.

मग नोंद का नाही?

ब्रिटनमध्ये 1801पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. 1941ची मात्र युद्धामुळे झालीच नाही. 1939मध्ये ओळखपत्रांसाठी नागरिकांची नोंदणी झाली होती. पण त्यात नाव, जन्मतारीख, व्यवसाय असा तपशील होता. कोण किती खोल्यांत राहतो, हे त्यात नव्हते. 1951पर्यंत घरे पुन्हा उभी राहत होती, अनेक कुटुंबे परतली होती. त्यामुळे एकूण आकडा पूर्वीच्या जवळपास आला आणि मधला विध्वंस तक्त्यातून निसटला.

घरे मोजून काय होते?

स्कॉटलंडमध्ये 1861च्या जनगणनेत प्रत्येक कुटुंबाला खिडकी असलेल्या खोल्या किती, हे विचारले गेले. 1911मध्ये तेथील जवळपास निम्मी लोकसंख्या एक-दोन खोल्यांच्या घरांत राहत असल्याचे दिसले. घरांच्या या दुरवस्थेवर 1917मध्ये शाही आयोगाचा अहवाल आला. 1919च्या कायद्याने सरकारी अनुदानातून घरे बांधण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर आली. घरांची मोजणी झाली नसती, तर ही मागणी रेटणे कठीण गेले असते.

आज याचा संबंध काय?

करोनामुळे स्कॉटलंडने 2021ची जनगणना एक वर्ष पुढे ढकलली. 2022मध्ये झालेल्या मोजणीला सुमारे 89 टक्केच कुटुंबांनी प्रतिसाद दिला. भारतात तर 2011नंतरची लोकसंख्या मोजणी थेट 2027साठी ठरली. उशिराने मोजणी केली की आकडा मिळतो, हे खरे. पण मधल्या 16 वर्षांत कुणाचे घर गेले, कोण कुठून कुठे गेले, यातले बरेच काही त्या आकड्यात सापडणार नाही. म्हणूनच जनगणनेचा विलंब ही केवळ कार्यालयीन दिरंगाई मानून चालणार नाही. क्लाइडबँकमध्ये निदान युद्ध हे कारण होते.