टेनोराइट : काळ्या खनिजाला वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव

१/७
तांब्याचा पत्रा मोकळ्या हवेत खूप तापवला की त्यावर काळा थर चढतो. हा तांब्याचा काळा ऑक्साइड. हाच पदार्थ निसर्गात खनिजरूपाने आढळतो, तेव्हा त्याला 'टेनोराइट' म्हणतात.

२/७
नाव ऐकताच समजूत होते, की ज्याचे नाव त्यानेच हे खनिज शोधले असावे. ही समजूत चुकीची आहे. आणि अशा चुकीत खऱ्या अभ्यासकाचे श्रेय हरवते.

३/७
१८४१ मध्ये सेम्मोला यांनी नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीवरील या खनिजाचे वर्णन केले. तेथे तप्त वायूंपासून लाव्हाच्या पृष्ठभागावर त्याचे पातळ, चकाकणारे पापुद्रे जमतात. नाव मात्र दिले गेले मिकेले तेनोरे (१७८०–१८६१) यांचे.

४/७
तेनोरे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. नेपल्स विद्यापीठात ते प्राध्यापक होते आणि १८१० पासून तेथील वनस्पती उद्यानाचे संचालक. नेपल्सच्या राज्यातील वनस्पतींची नोंद करणारा त्यांचा 'फ्लोरा नापोलिताना' हा ग्रंथ १८११ ते १८३८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाला.

५/७
येथे एक आक्षेप संभवतो. याच काळ्या ऑक्साइडला 'मेलाकोनाइट' हेही नाव होते. 'काळा' आणि 'धूळ' या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ते घडले. ते पदार्थाचे रूप तरी सांगते. व्यक्तिनाव खनिजाविषयी काय सांगते? काहीच नाही.

६/७
आक्षेप रास्त आहे. तरीही इतिहासाच्या दृष्टीने 'टेनोराइट' हेच नाव अधिक बोलके ठरते. 'काळी धूळ' हे वर्णन कोठेही, कोणीही केले असते. 'टेनोराइट' हे नाव मात्र नेपल्सकडेच बोट दाखवते. तेथे झाडांच्या अभ्यासकाचा गौरव ज्वालामुखीच्या खनिजाने झाला. ज्ञानशाखांमधील भिंती तेव्हा आजच्याइतक्या उंच नव्हत्या, याची ही लहानशी साक्ष.

७/७
पण साक्ष तपासूनच स्वीकारावी लागते. ज्याचा गौरव झाला त्याचे नाव खनिजासोबत टिकले. ज्याने वर्णन केले तो सेम्मोला विस्मरणात गेला. म्हणून कोणतेही शास्त्रीय नाव वाचताना तीन प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : नाव कोणाचे, दिले कोणी आणि कोठे? केवळ पहिल्या उत्तरावर थांबणारा वाचक आदरालाच शोध समजून बसतो.

#इतिहास #खनिजशास्त्र