मधल्या नावाचा मान

जुलै-ऑगस्ट उजाडला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घराघरांतून परदेशी शिकायला निघालेल्या मुलामुलींच्या बॅगा भरल्या जातात. लाडू-चिवड्याचे वजनसुद्धा काटेकोर तोलले जाते. विद्यापीठाचा अर्ज भरताना मात्र मधले नाव सहज गळून पडते. 'तिकडे कोणाला त्याचा उच्चार जमणार?' असे म्हणत वडिलांचे नाव आद्याक्षरावर आणून ठेवले जाते.

याच कल्याणात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली मुलगी १८८३ साली अमेरिकेस गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील तिच्या स्मृतिशिळेवर 'आनंदीबाई जोशी' हे नाव कोरलेले आहे. महाराष्ट्र मात्र तिला ओळखतो तो 'आनंदी गोपाळ' म्हणून! गोपाळरावांचा स्वभाव कठोर होता, हे इतिहास लपवीत नाही. परंतु तिच्या शिक्षणाचा ध्यास त्यांनीच घेतला, हेही खरे. आडनावाने कुळ कळते. मागे कोण उभे राहिले, हे मधल्या नावाने कळते.

पाश्चात्त्यांचे मधले नाव बहुधा त्या व्यक्तीचेच दुसरे नाव असते. आपले मधले नाव हे नाते आहे. रशियात शिक्षकांना नाव आणि पितृनाम जोडून हाक मारणे हाच शिष्टाचार. आइसलँडमध्ये बहुतेकांची ओळख पित्याच्या वा मातेच्या नावावरूनच सांगतात. मग संकोच आपणच का करावा?

यात व्यवहारही आहे. भारतीय पारपत्रात मधल्या नावाचा स्वतंत्र रकाना नाही. ते व्यक्तिनामालाच जोडून लिहिले जाते. तेव्हा पारपत्रावरील नावच प्रवेशपत्र, तिकीट आणि पदवीवर असावे, हे शहाणपणाचे.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव अनिवार्य केले आहे. ही परंपरेची मोडतोड नव्हे. तिच्यात राहिलेली उणीव भरून निघाली आहे.

परदेशातील एखादा सहाध्यायी विचारील, 'हे मधले नावही तुझेच का?' आपल्या मुलाला शांतपणे सांगता यावे, 'नाही, हे माझ्या वडिलांचे. मी ते सोबत आणले आहे.' बॅगेत एवढे वजन जास्त झाले तरी चालेल.